दोन चिठ्ठ्या : भंडारा १९५४

दोस्तहो, एक आकडा पाठ करा. ८,३८१.

१९५४ साली भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर एवढ्या मतांनी पडले. बाबासाहेबांना १,३२,४८३ मतं. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना १,४०,८६४. वजाबाकी करून बघा, ८,३८१ येतात. थेट जनतेच्या मतावर लोकसभेत जायचा बाबासाहेबांचा हा दुसरा आणि शेवटचा प्रयत्न. त्यानंतर अडीच वर्षांनी ते गेले.

जयंतीच्या स्टेजवर हा आकडा कोणी घेत नाही. लाज वाटते म्हणा, दुखतं म्हणा. घेतलाच तर एक वाक्य ठरलेलं आहे, भंडाऱ्यानं बाबासाहेबांना पाडलं. तिकडं पानठेल्यावर दुसरं वाक्य तयार असतं, तुमच्या बाबासाहेबाला तुमच्याच लोकांनी मतं नाही दिली, आता आम्हाला काय इचारता. ही दोन्ही वाक्यं बोलणाऱ्यांनी ती निवडणूक कशी झाली, मतं कशी टाकली, कशी मोजली, ते बघितलेलं नसतं. भंडारा म्हणजे कोण? साकोलीकडचा कुणबी, तिरोड्याकडचा पोवार, गोंदियाचा विडीवाला शेठ, दिघोरीचा महार शेतमजूर, हे सगळे भंडाराच. कोणी काय केलं ते एका वाक्यात मावत नाही.

मी इतिहासाचा प्रोफेसर नाही. गिरणीत पाळी करतो, उरलेल्या वेळात वाचतो. पण पगाराच्या चिठ्ठीत पैसे कुठं कापले ते शोधायची आम्हा कामगारांना सवय असते. त्याच नजरेनं ही मतं कुठं कापली गेली ते शोधलं. ते तुमच्यापुढं ठेवतो.

विडीनं लावलेली निवडणूक

आधी ही पोटनिवडणूक लागलीच का ते समजून घेऊ. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दुहेरी मतदारसंघ होता. एक जागा खुली, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. दोन्ही जागा काँग्रेसनं घेतल्या. खुल्या जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी, राखीव जागेवर तुलाराम साखरे.

जसाणी हे मूलजी सिक्का ह्या विडी कंपनीचे भागीदार. ही कंपनी लष्कराच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवत होती. सरकारला माल पुरवायच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे त्याला निवडून येता येत नाही, असा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा. निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १५ फेब्रुवारी १९५४ ला निकाल लागला आणि जसाणींची निवड रद्द झाली.

त्याच खटल्यात दुसरा एक प्रश्न होता आणि आपल्या दृष्टीनं तो जास्त मोठा. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. छाननीत तो फेटाळला. कारण काय, तर ते महानुभाव पंथात गेले, आता ते महार राहिले नाहीत. सुप्रीम कोर्टानं उलट सांगितलं. पंथ घेतला तरी त्यांनी जात सोडलेली नाही, जातीनंही त्यांना सोडलेलं नाही, ते महारच आहेत, अर्ज चुकीनं फेटाळला, म्हणून सगळी निवडणूकच रद्द.

म्हणजे बघा. विडीच्या कंत्राटानं एक जागा मोकळी केली आणि हा माणूस महार आहे की नाही ह्या वादानं दुसरी. त्या दुसऱ्या जागेवर बाबासाहेब उभे राहिले. आणि पुढं १९५६ साली बाबासाहेबांबरोबर जे लाखो लोक बौद्ध झाले, त्यांना मात्र त्याच देशाचा कायदा म्हणाला, तुम्ही धर्म सोडला, अनुसूचित जातीच्या यादीतून बाहेर. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्ध त्या यादीत आले. चौतीस वर्षं. पंथात गेलेला महारच राहतो, धम्मात गेलेला राहत नाही. राखीव जागेच्या दारावर कोण उभं राहील हे ठरवायचं काम कधीच आपल्याकडं नव्हतं.

मुंबईत काय झालं होतं

भंडाऱ्याच्या आधी मुंबई. १९५२ च्या जानेवारीत बाबासाहेब मुंबई शहर उत्तर ह्या दुहेरी मतदारसंघातून हरले. गिरणगावाचा, चाळींचा, कामगारांचा भाग. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्षाची युती होती. खुल्या जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर जिंकले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली, फरक चौदा हजारांच्या वर. अशोक मेहताही पडले.

पण त्या निवडणुकीत चौऱ्याहत्तर हजारांवर चिठ्ठ्या बाद झाल्या. फरकापेक्षा कितीतरी जास्त. दुहेरी मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतं असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकल्या तर एक मोजायची, दुसरी रद्द. आपल्याकडं ह्याला शब्दच पडला, मत कुजवणं. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. कॉम्रेड डांगे आणि त्यांच्या पक्षानं मतं कुजवायचा प्रचार केला, ही त्यातली मुख्य तक्रार. अर्ज फेटाळला गेला. मग बाबासाहेब १९५२ सालीच मुंबई राज्यातून राज्यसभेत गेले.

ज्यानं राज्यघटनेचा मसुदा हातात धरून सभागृहात कलमामागून कलम लढवलं, तो त्या घटनेखालची पहिलीच निवडणूक हरला. राज्यसभेचं दार होतं. तरी दोन वर्षांनी पुन्हा जनतेपुढं मत मागायला ते आले. आजारी शरीर, मधुमेह, पाय दुखायचे. भर उन्हाळा. भंडाऱ्याचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला सांगायला नको.

दिघोरीच्या बांधीतून

आता गावात येऊ. आजची दिघोरी मोठी लाखांदूर तालुक्यात आहे. तेव्हा जिल्ह्यात तीनच तहसिली, भंडारा, गोंदिया आणि साकोली. हा आमचा भाग साकोलीत. झाडीपट्टी. धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या, मधी मधी जंगल.

ह्या गावात १९५४ साली लोकमत म्हणजे काय होतं? शहरातला माणूस लोकमत म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं पेपर वाचणारा, वाद घालणारा, मग ठरवणारा माणूस असतो. दिघोरीसारख्या गावातल्या भूमिहीन माणसाचं मत ठरायच्या आधी त्याला तीन दारं लागत.

पहिलं दार मालगुजाराचं. मालगुजारी कायद्यानं गेली ३१ मार्च १९५१ ला. निवडणूक आली तेव्हा तीन वर्षं झाली होती. कागदावरून गेलेला मालगुजार वाड्यातून गेलेला नव्हता. जमीन होतीच, तलावाच्या पाण्यावर शब्द होता, रोवणीला कोणाला बोलवायचं आणि उन्हाळ्यात कोणाला धान उसनं द्यायचं ते त्याच्या किंवा गावच्या पाटलाच्या तोंडावर होतं.

दुसरं दार तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचं. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत पानं तोडायची, पुडे बांधायचे, फळीवर नेऊन मोजून द्यायचे. शेतात काम नसतं तेव्हाचा हाच पैसा. हे सगळं तेव्हा खासगी ठेकेदाराच्या हातात. सरकारनं पान आपल्या ताब्यात घेतलं ते साठीच्या दशकात. आणि पोटनिवडणूक आली नेमकी ह्याच दिवसांत.

तिसरं दार विडीच्या सट्टेदाराचं. तो पान-तंबाखू देणार, घरातल्या बायापोरी विड्या वळणार, तो त्यातल्या छाट म्हणून बाजूला काढणार. छाट काढलेल्या विडीची मजुरी नाही. कोणती विडी छाट, ते तोच ठरवणार. विडीच्याच शेठाची निवड रद्द झाली म्हणून लागलेली ही निवडणूक आणि मतदाराच्या घरातली चूल विडीवर.

चूल तीन माणसांच्या हातात असली की मत कोणाच्या हातात असतं? तरी त्या माणसांनी हत्तीच्या पेटीत चिठ्ठ्या टाकल्या. एक लाख बत्तीस हजार. पानठेल्यावर बोलणाऱ्याला हे सांगा. तुमच्या लोकांनी मतं दिली नाहीत म्हणतोस ना, मग हा डोंगर कोणी उभा केला? शेठनं? मालगुजारानं?

खूण आणि पेटी

मतदान कसं होतं तेही सांगतो, कारण आजच्या मशीनवाल्या पोरांना ते माहीत नाही. तेव्हा चिठ्ठीवर शिक्का मारायचा नव्हता. चिठ्ठीवर उमेदवाराचं नावच नव्हतं. पडद्यामागं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याची खूण. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी सोडायची. दुहेरी मतदारसंघात दोन चिठ्ठ्या मिळत आणि त्या दोन वेगळ्या पेट्यांत सोडायच्या.

फेडरेशनची खूण हत्ती. प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी. काँग्रेसची बैलजोडी. धानाच्या मुलखात बैलजोडी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ज्याच्या दारात बैल आहेत त्याला ती आपली वाटते. ज्याच्या दारात नाहीत तो दुसऱ्याच्या बैलांमागं नांगर धरून आयुष्य काढतो, त्यालाही ती ओळखीची. हत्ती ओळखीचा करायला कार्यकर्त्यांना गावोगाव हिंडावं लागणार. सायकल, बैलगाडी, पायपीट, रात्रीचे भजन आणि जलसे, असा आपला प्रचार. पडद्यामागं कोणी बघत नव्हतं, हाच गरिबाचा मोठा आधार होता. पण पडद्यामागं गेल्यावर दोन चिठ्ठ्यांचं काय करायचं, हे त्याला बाहेरच पक्कं समजावून दिलेलं असावं लागे. ह्या समजावण्यातच निवडणूक होती.

कोण कोणापुढं

खुल्या जागेवर काँग्रेसचे पूनमचंद रांका आणि समोर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आणि समोर बाबासाहेब. म्हणजे मुंबईतली मेहता-आंबेडकर ही दोन नावं पुन्हा काँग्रेससमोर.

बाबासाहेबांनी इथं भाषणं काय केली? त्यांनी नेहरू सरकारवर टीका केली आणि त्यांच्या परराष्ट्र धोरणावर आसूड ओढला. काहीजण म्हणतात, धानाच्या बांधीतल्या माणसाला परराष्ट्र धोरण काय कळणार, तिथंच चुकलं. मला हे पटत नाही. बाबासाहेब भंडाऱ्यात जातीचा पुढारी म्हणून जातीपुरतं मागायला आले नव्हते. देशाच्या कारभाराला जाब विचारणारा माणूस म्हणून ते आले होते. दिघोरीचा शेतमजूर देशाचा मतदार आहे, तर देशाचं धोरण त्यालाच सांगायचं, एवढा त्याचा मान त्यांनी ठेवला. समोरच्या सवर्ण मतदारानं त्यांचा तेवढा मान ठेवला का, हा खरा प्रश्न. तो भाषण देशाच्या नेत्याचं ऐकत होता आणि मत टाकताना राखीव जागेवरचा माणूस बघत होता.

काँग्रेसला तर सोपं होतं. राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचाच लागतो. तुमच्याच जातींतला माणूस तुमच्यासमोर उभा केला की आम्ही दलितविरोधी नाही हे आपोआप सिद्ध. मला भाऊराव बोरकरांना शिव्या द्यायच्या नाहीत. तेही ह्याच व्यवस्थेतून आलेले. व्यवस्था काय सांगते ते बघा. जागा तुमची, माणूस तुमचा, पण कोणता माणूस ते आम्ही ठरवणार, कारण मतं आमची जास्त.

दुसरी चिठ्ठी

आता लेखाच्या गाभ्याला आलो.

आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट सांगून, लिहून ठेवली आहे. प्रचारात काहींनी बाबासाहेबांना सल्ला दिला. म्हणाले, बाबा, आपल्या लोकांना सांगू, एक चिठ्ठी हत्तीत टाका आणि दुसरी कुजवा. दुसऱ्या कोणाला द्यायचीच नाही. समोरचे आपल्याला देणार नाहीत, मग आपण का द्यायची? बाबासाहेबांनी नकार दिला. मताचा हक्क ज्यानं घटनेत लिहिला तो मत वाया घालवा असं सांगणार नाही, हरलो तरी चालेल, असा त्या नकाराचा अर्थ.

निकाल काय लागला? खुल्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. काँग्रेसचे रांका पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे बोरकर निवडून आले. बाबासाहेब पडले.

हे शांतपणे वाचा. एकाच मतदारसंघात, त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच पडद्यामागं खुल्या जागेवर काँग्रेस पाडली आणि राखीव जागेवर काँग्रेस निवडून दिली. प्रत्येकानं सरळ जोडीनं मत टाकलं असतं, झोपडी-हत्ती किंवा बैलजोडीच्या दोन पेट्या, तर मेहता आणि आंबेडकर दोघं जिंकले असते किंवा दोघं पडले असते. तसं झालं नाही. म्हणजे जोडी कुठंतरी तुटली. एका हातानं झोपडीत चिठ्ठी सोडलेल्या माणसाचा दुसरा हात हत्तीच्या पेटीपाशी थांबला.

हे लोकमत नीट ओळखा. हा मतदार काँग्रेसवर नाराज होता. खुल्या जागेवर त्यानं ते दाखवलं. बदल हवा होता, समाजवादीही चालत होता. पण दुसरी चिठ्ठी आंबेडकरांच्या पेटीत जाताना जात आडवी आली. राजकारणात पुढं आलेला हात जातीपाशी आखडला. ह्याला लाट म्हणत नाहीत, पैसा म्हणत नाहीत. हे मन आहे, आणि ते त्या दिवशी आकड्यात उघडं पडलं.

आता हिशोब. ८,३८१ चा निम्मा करा आणि एक वाढवा. ४,१९१. बोरकरांच्या पेटीत पडलेल्या एक लाख चाळीस हजार चिठ्ठ्यांतल्या फक्त ४,१९१ हत्तीत पडल्या असत्या तर बाबासाहेब लोकसभेत असते. शंभरात तीन सवर्ण हात पुढं आले असते तरी पुरे होतं. एवढे तीन हात कमी पडले.

पद्धत कोणाची

नुसतं मन बघूनही चालणार नाही. मतमोजणीची पद्धतही बघायला पाहिजे, कारण बाबासाहेबांनी तेच केलं.

१९३७ ची निवडणूक आठवा. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष लढला. बाबासाहेब मुंबईतून निवडून आले आणि पक्षानं उभे केलेल्यांपैकी बहुतेक निवडून आले. पुणे करार तोच, संयुक्त मतदारसंघ तोच, राखीव जागा तीच. मग फरक काय? त्या वेळी मुंबई इलाख्यात जास्त जागांच्या मतदारसंघात सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायची मुभा होती. क्युम्युलेटिव्ह व्होटिंग म्हणतात त्याला. तीन मतं असतील तर तिन्ही आपल्या माणसाच्या पदरात घाला. कमी संख्येचा समाज अशानं आपली ताकद एका जागी आणू शकतो. मत कुजवायची गरजच नाही.

१९५२ ला ती मुभा गेलेली होती. मतं दोन, पण एकाला एकच. ह्या नियमानं बहुसंख्याकाची दोन्ही मतं कामाला आली. आपलं दुसरं मत एकतर दुसऱ्याला द्या, नाहीतर कुजवा.

भंडाऱ्यानंतर वर्षभरानं, १९५५ साली बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलं की एका जागेच्या मतदारसंघांऐवजी दोन-तीन जागांचे मतदारसंघ करा आणि क्युम्युलेटिव्ह व्होटिंग द्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीनं ठराव केला, कायदेमंडळातल्या राखीव जागा काढून टाका. आज कोणी राखीव जागांबद्दल वेडंवाकडं बोललं की आपण उसळतो, आणि उसळलं पाहिजे. पण आपल्याच संघटनेनं १९५५ ला हा ठराव का केला, हे भंडारा समजल्याशिवाय समजत नाही. नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाला त्या ठरावानं हात लावला नव्हता. प्रश्न फक्त त्या खुर्चीचा होता जिच्यावर आपला माणूस बसतो आणि ज्याला बसवणारा दुसराच असतो.

दुहेरी मतदारसंघ पुढं कसे मोडले तेही ऐका. नियम असा होता की राखीव जागेवर आधी सगळ्यात जास्त मतांचा राखीव प्रवर्गातला उमेदवार घ्यायचा, मग उरलेल्यांत ज्याची मतं जास्त तो खुल्या जागेवर, मग तो कोणीही असो. १९५७ ला आंध्रात पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार आले आणि व्ही. व्ही. गिरी पडले. हेच पुढं राष्ट्रपती झाले. गिरी कोर्टात गेले. १९५९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आदिवासी उमेदवार खुल्या जागेवर निवडून येऊ शकतो. आणि १९६१ ला कायदा करून दुहेरी मतदारसंघच बंद झाले. बाबासाहेब ह्या पद्धतीत दोनदा पडले तेव्हा पद्धत टिकली. खुली जागा आदिवासीला मिळू शकते हे कोर्टानं सांगितल्यावर ती दोन वर्षं टिकली. तारखा मी पुढं ठेवल्या, अर्थ तुम्ही लावा.

नंतरचा हिशोब

निवडणुकीनंतर लगेच, मे १९५४ मध्येच, बाबासाहेब बुद्धजयंतीसाठी रंगूनला गेले. डिसेंबरमध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी पुन्हा गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा. भंडाऱ्याहून नागपूर काही लांब नाही. ज्या हातांनी १९५४ ला हत्तीत चिठ्ठी सोडली त्यांतले किती हात अडीच वर्षांनी दीक्षाभूमीवर जोडलेले असतील. लोकसभेच्या दारातून नाही आलं ते त्या मैदानातून आलं, आणि तिथं दुसऱ्याच्या दुसऱ्या चिठ्ठीची वाट बघायची नव्हती.

भाऊराव बोरकर फार काळ खासदार राहिले नाहीत. त्यांचं निधन झालं आणि १९५५ च्या पोटनिवडणुकीत अनसूयाबाई बोरकर काँग्रेसकडून निवडून गेल्या. अशोक मेहता १९६७ ला पुन्हा भंडाऱ्यातून निवडून आले, पण ह्या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून. झोपडीतून आलेले बैलजोडीत गेले.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूची. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात फेडरेशन समितीबरोबर होतं. मुंबई शहर मध्य ह्या दुहेरी मतदारसंघातून गिरणगावानं कॉम्रेड डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने अशी जोडी निवडून दिली. ज्या डांग्यांवर पाच वर्षांपूर्वी मतं कुजवल्याची तक्रार होती, त्यांच्याच जोडीला फेडरेशनचा माणूस जिंकला. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. म्हणजे दुसरी चिठ्ठी येऊ शकते. रस्त्यावर एकत्र लढा झाला, एकत्र लाठ्या-गोळ्या झेलल्या, तेव्हा ती आली. नेत्यांच्या बैठकीत युती ठरली म्हणून येत नाही. भंडाऱ्यात झोपडीवाल्याची आणि हत्तीवाल्याची चूल त्या आधी कधी एका लढ्यात पेटली होती का? मजुरीसाठी, तलावाच्या पाण्यासाठी, विडीच्या छाटीसाठी? युती वरून आली की खालचा हात आखडतो, हा भंडाऱ्याचा धडा मला दिसतो.

आता आपण

आज भंडारा-गोंदिया हा लोकसभा मतदारसंघ राखीव नाही. चिठ्ठी एकच, तीही मशीनवर बटण. १९ एप्रिल २०२४ ला इथं मतदान झालं तेव्हा प्रचारात संविधान होतं. संविधान बदलणार, संविधान वाचवणार, ह्यावर सभा झाल्या, नेते हातात संविधानाची प्रत घेऊन फिरले. ज्या जिल्ह्यानं त्या प्रतीमागच्या माणसाला लोकसभेत जाऊ दिलं नाही, तिथं त्याच प्रतीवर मतं मागितली गेली. ह्याचा आनंद मानायचा असेल तर माना. पण विचारा, हात प्रतीपर्यंत आला, माणसापर्यंत आला का? तुमच्या गावात आपल्या वस्तीतला पोरगा खुल्या जागेवर सरपंचपदाला उभा राहिला तर संविधान वाचवणारे किती हात पुढं येतात, ते मोजा.

मोजा, हे मी मुद्दाम म्हणतो. आपण रडतो खूप आणि मोजतो कमी. बूथवार आकडे छापलेले मिळतात. कोणत्या बूथवर किती मतं, मागच्या वेळी किती, वस्तीतलं मतदान किती, ते वहीत लिहा. युती करायची वेळ आली की वही उघडा आणि विचारा, मागच्या वेळी तुमची मतं आमच्या माणसाला किती पडली? आमची तुम्हाला किती पडली? बाबासाहेबांनी मत कुजवायला नकार दिला, हा त्यांचा मोठेपणा. पण हिशोब विचारायला त्यांनी कधीच नकार दिला नाही. ते अर्थशास्त्राचे डॉक्टर होते, विसरू नका.

आणि एक काम तातडीचं. तेव्हा मताला एकवीस वर्षांची अट होती. म्हणजे त्या उन्हाळ्यात दोन चिठ्ठ्या हातात घेतलेली माणसं आज नव्वदीच्या पुढं आहेत. बोटावर मोजण्याइतकी उरली असतील. त्यांच्यामागं पळणारी, हत्तीचं चित्र घेऊन हिंडणारी पोरं ऐंशीच्या घरात आहेत. दिघोरीत, लाखांदूरला, साकोलीला, पवनीला, तुमसरला, गोंदियाकडं, जिथं जिथं अशी आजी, असा आजा असेल तिथं वही घेऊन जा. पहिली चिठ्ठी कुठं टाकली, दुसरी कुठं टाकली, कोणी समजावून सांगितलं, पेटीपर्यंत कोण आडवं आलं, दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं का, पानाचे पुडे मोजताना ठेकेदार काय बोलला, हे विचारा. जसं बोलतील तसं लिहा, भाषा सुधारू नका. आणि आमच्याकडं पाठवा. स्टेन्सिल आम्ही कापू.

जयभीम.